मुलाखत पाठांतराची नव्हे, विचाराची

विज्ञानात पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या सचिन शहरातल्या विद्यार्थ्यांसाठी आज थोडं बोलू या.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आधी लेखी परीक्षा होते, मग मुलाखत. केवळ पाठांतरच तपासायचं असतं, तर मुलाखतीची गरजच नव्हती. तिथे पाहिला जातो, तो तुमचा विचार.

सचिनच्या औद्योगिक वसाहतीतलंच उदाहरण घ्या. पॉलिस्टर रंगवताना पाणी दाबाखाली, उकळबिंदूच्याही वर का तापवतात? उष्णतेने धाग्यातल्या रेणूंच्या साखळ्या सैल होतात. मग रंगाचे रेणू आत शिरतात. एवढं सांगितलंत, की पुढचा प्रश्न येतो: सुती कापडाला इतकी उष्णता का लागत नाही? इथे पाठ केलेलं उत्तर संपतं. विचार सुरू होतो.

कुणी म्हणेल, मग पाठांतर नकोच का? मूलभूत संकल्पना पक्क्या हव्यातच. त्यांच्याशिवाय तर्क उभा राहत नाही. कुणी विचारेल, उत्तर चुकलं तर? तर्क मोठ्याने मांडा. परीक्षक सूचना देतील, ती धरून पुढे जा. माहीत नसेल, तर तसं स्पष्ट सांगा.

पुन्हा एकदा, मुलाखत विचाराची असते. म्हणून सरावासाठी आपला प्रकल्प मित्राला फळ्यावर समजावून सांगा. त्याला प्रश्न विचारू द्या. आजपासूनच सुरुवात करा.