‘नागरी हक्क’ म्हणजे नेमकं काय?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘नागरी हक्क’ हा विषय दिला. वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिते आहे, त्यामुळे सवयीने आधी व्याख्या शोधली. एरवी हा शब्द आपण फार सैल वापरतो. रस्त्यातल्या खड्ड्यापासून लाऊडस्पीकरपर्यंत सगळं त्यात बसवतो. आपल्या कायद्यात मात्र त्याचा अर्थ घट्ट बांधलेला आहे. अस्पृश्यतेविरुद्ध १९५५ साली कायदा झाला, १९७६ मध्ये त्याचं नाव ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ झालं. त्यात म्हटलं आहे, की संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट झाल्यामुळे माणसाला मिळणारा कोणताही हक्क म्हणजे नागरी हक्क. पुढच्या कलमांत दुकान, हॉटेल, पाणवठा, रस्ता, स्मशान, राहण्याची जागा अशा अगदी रोजच्या गोष्टी येतात.

पाणवठा म्हटलं की महाड. शाळेत आपण ते एका गुणासाठी शिकलो. गाळलेली जागा भरा: चवदार तळ्याचा सत्याग्रह, साल १९२७. पण खरी हकीकत त्या सालाच्या अलीकडे-पलीकडे आहे. १९२३ मध्येच सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला होता: सरकारी पैशांतल्या विहिरी, तळी, धर्मशाळा सर्वांना खुल्या. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे आमच्या भाषेत परमिशन दिलेली होती, पण लॉगिन कुणी करू शकत नव्हतं! इतर धर्मीयांना तिथे मज्जाव नव्हता, हे विशेष.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं तळ्यावर गेली, पाणी प्यायली. परिषदेला आलेल्या लोकांना मारहाण झाली. नंतर १०८ घागरींनी तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह व्हायचा होता, तर काही जणांनी दिवाणी दावा लावून मनाईहुकूम आणला. बाबासाहेब स्वतः त्यात प्रतिवादी होते. जमलेले लोक पाण्यावर जायला तयार होते, तरी त्यांनी हुकूम मोडायचा नाही असं ठरवलं. मला हा भाग पाणी पिण्याइतकाच अवघड वाटतो. मग खालचं कोर्ट, अपील, हायकोर्ट. दावा करणाऱ्यांचं म्हणणं, ही अनादि काळापासूनची वहिवाट आहे. कोर्टाने म्हटलं, ती तशी सिद्ध होत नाही. निकालाची तारीख १७ मार्च १९३७. पाण्याला हात लागला त्याला दहा वर्षं व्हायला तीन दिवस कमी.

आता अलीकडचं सांगते. माझ्या टीममधली एक मुलगी भाड्याने घर शोधत होती. फोनवर सगळं ठरत आलं, मग मालकाने विचारलं, “पूर्ण नाव काय?” आडनाव ऐकल्यावर फ्लॅट ‘गेला’. जाहिरात तशीच होती. मी त्याच नंबरवर फोन केला, माझं आडनाव सांगितलं. “या की संध्याकाळी बघायला.” मी तिला म्हटलं, तक्रार करू या, मी येते साक्षीला. ती म्हणाली, “ताई, मला घर हवंय, केस नको.” तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला जागा मिळाली.

तिला काय उत्तर द्यायचं, मला सुचलं नाही. याच कायद्यात एक कलम आहे, बारावं. गुन्हा अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतीत घडला असेल, तर तो अस्पृश्यतेच्या कारणानेच घडला असं कोर्ट गृहीत धरतं. तसं नाही हे समोरच्याने सिद्ध करायचं. फार विचार करून लिहिलेलं कलम आहे. पण ते लागू व्हायला आधी कुणीतरी कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि तिला तर एक तारखेच्या आत सामान हलवायचं होतं. महाडला निदान हजारो माणसं सोबत होती. ती फोनवर एकटी होती.

सहल समिती पुढच्या वर्षी रायगड ठरवते आहे असं कळलं. वाट महाडवरून ठेवा. तळं गावातच आहे, अर्ध्या तासात बघून होतं. इतिहासाच्या बाई येणार असतील तर एक तास धरा.