लाईट जायच्या आत

श्रोतेहो, मी कविता लिहितो आणि शिक्षण म्हणाल तर बी.ए. कॉम्प्युटरवर बोलायचा माझा अधिकार नाही. पण २००६ सालची एक दुपार मला सांगायची आहे.

अम्मी जाऊन चाळीस दिवस झाले होते. तिच्यावरची कविता मी थेट कॉम्प्युटरवर लिहीत होतो. मराठी टायपिंगचा एक लहानसा प्रोग्राम कुणीतरी दिलेला होता. कागद जवळ नव्हता, आणि मधेमधे 'सेव्ह' करायची सवय मला तेव्हा नव्हती. एका ओळीत पडदा थिजला आणि त्याच्यावर एक अनोळखी खिडकी उघडली. आत आकडेच आकडे.

मी भाच्याला फोन केला. तो इंजिनिअरिंगला होता आणि सुट्टीत माझ्याच कॉम्प्युटरवर त्याचं प्रोजेक्ट करायचा. तो ओरडलाच, "मामू, कशाला हात लावू नका! खिडकी बंद करू नका! लाईट कितीला जाते?"

लाईट दोनला जायची. ते भारनियमनाचे दिवस तुम्हाला आठवत असतील. घड्याळात दीड वाजून गेला होता आणि घरात इन्व्हर्टर नव्हता.

तो सायकलवरून येईपर्यंत मी त्या खिडकीसमोर बसून राहिलो. ती खिडकी म्हणजे डीबगर, प्रोग्राममधला दोष शोधण्याचं हत्यार, हे मला नंतर समजलं. एखादा प्रोग्राम आपली हद्द सोडून भलत्याच जागी पाय टाकतो आणि स्वतःला सावरू शकत नाही, तेव्हा विंडोज त्याला संपवून टाकतं. संपला की त्याच्या ताब्यातली मेमरी मोकळी होते, दुसऱ्याला मिळते. जागा धुऊन काढल्यावर पोलीस आले तर पंचनामा कशाचा करणार? म्हणून विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद असते. (ही रजिस्ट्री जमिनीची नव्हे.) तिचं नाव 'एईडीबग'. प्रोग्राम कोसळला तर कुठला डीबगर बोलवायचा, ते तिथं लिहून ठेवायचं. 'ऑटो' नावाच्या रकान्यात १ लिहिलं तर तो न विचारता हजर होतो. ० लिहिलं तर आधी तुमची परवानगी मागतो. विंडोज त्याच्या हाती कोसळलेल्या प्रोग्रामचा नंबर देतं आणि तो ताबा घेईपर्यंत थांबतं. तोवर प्रोग्राम मेलेला नसतो, जिवंतही नसतो.

त्या काळी विंडोज एक्सपीत हे काम मुळात 'डॉक्टर वॉटसन' करायचा. त्याचं आधीचं नाव शेरलॉक होतं म्हणे! तो टिपण करून ठेवायचा आणि प्रोग्राम बंद व्हायचा. भाच्यानं आपल्या प्रोजेक्टसाठी त्याला हटवून दुसरा डीबगर बसवला होता, ऑटोच्या रकान्यात १ लिहून. मला न विचारता, अर्थात.

तो आला तेव्हा दोनला सात मिनिटं होती. कविता त्यानं शोधलीच नाही. एक आज्ञा टाइप केली आणि त्या प्रोग्रामची सगळी मेमरी जशीच्या तशी एका फाईलमध्ये उतरवून घेतली. मग बोटं मोडत बसला. दोनला लाईट गेली.

सहाला आली. "त्यात कुठला शब्द होता?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "पदर." कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. प म्हणजे २३४६, द २३४२, र २३५२. हे तीन आकडे ओळीनं कुठं बसलेत, ते त्यानं शोधायला लावलं. तीन ठिकाणी सापडले. दोन जागी माझी कविता होती, थोडी आधीची आणि अगदी शेवटची. तिसऱ्या जागी मी खोडलेल्या ओळी होत्या. अम्मीच्या शेवटच्या आठवड्यात मी मुशायऱ्यासाठी परगावी गेलो होतो, त्याबद्दलच्या. लिहिल्या आणि लाज वाटून लगेच पुसल्या होत्या. मला वाटलं होतं, पुसल्या म्हणजे गेल्या.

भाच्यानं त्या वाचल्या. काही बोलला नाही. मी त्याला ती फाईल पुसायला सांगितली. पंचनाम्यात घरातलं सगळंच येतं हो, पासवर्डसुद्धा. म्हणून असली फाईल कुणालाही पाठवू नये. आणि जिथं माणूसच बसलेला नसतो, अशा कॉम्प्युटरवर न विचारता उघडणारी खिडकी ठेवू नये. कोसळलेला प्रोग्राम पुन्हा सुरू व्हायचा सोडून कुणीतरी यायची वाट बघत अडकून पडतो.

दोषही त्यानं शोधला. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं एका ओळीला ठरावीकच जागा ठेवली होती आणि माझी ओळ तिच्याहून लांब झाली होती.

"मामू, एंटर मारायचा ना मधे," तो म्हणाला.

रजिस्ट्रीत मी ऑटोच्या जागी ० करून घेतला. कविता पुढं एका दिवाळी अंकात आली, खोडलेल्या ओळींसकट. संपादकांनी ती लांब ओळ दोन ठिकाणी मोडायची का, म्हणून फोन केला होता. मी नको म्हणालो.