विजेचा जमाखर्च



आजचा विषय कळल्यावर एका स्नेह्याने आम्हांला विचारले, "अहो, बोनस आणि पगारवाढ सोडून हे ओहम आणि वॅट कशाला?" त्यावर आमचे म्हणणे इतकेच की, कामगाराला पगाराची पावती वाचता यावी तशी मोटरवरची पट्टीही वाचता यावी. तिच्यावरचे आकडेही कधीकधी पगारातच उतरतात.

हिशेब अगदी साधा आहे. विजेचा दाब व्होल्टमध्ये मोजतात, प्रवाह अँपिअरमध्ये. दाबाला प्रवाहाने भागले की रोध निघतो, तो ओहममध्ये. त्याच दोन आकड्यांचा गुणाकार केला की शक्ती निघते, ती वॅटमध्ये. हजार वॅट तासभर वापरले की आपल्या बिलातले एक युनिट होते. चौथीतल्या पोराला येणारा भागाकार-गुणाकार, यापलीकडे यात काही नाही.

पण तो शोधणाऱ्याला फार सोसावे लागले. गेओर्ग ओहम हा जर्मनीतल्या एर्लांगेन गावच्या कुलुपे करणाऱ्या कारागिराचा मुलगा, जन्म १७८९ चा. बाप स्वतःच शिकलेला, आणि त्यानेच मुलांना गणित शिकवले. (आमच्यासारख्या शाळा अर्धवट सुटलेल्यांना हा बाप मुलापेक्षाही जवळचा वाटतो!) १८२७ साली ओहमचे पुस्तक निघाले, तेव्हा त्याच्याच देशातल्या विद्वानांनी त्याचे थंडे स्वागत केले. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ले पदक दिले ते १८४१ मध्ये.

आता एक मेख सांगतो. शंभर वॅटचा जुना तारेचा दिवा घ्या. २३० व्होल्टवर तो सुमारे ०.४३ अँपिअर घेतो, म्हणजे रोध झाला जवळजवळ ५३० ओहम. तोच दिवा थंड असताना मीटर लावून पाहा, याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी भरेल. तार तापली की तिचा रोध वाढतो. तेव्हा वस्तू मोजायची ती काम करताना. माणसाचेही तसेच आहे म्हणा.

२०११ सालची गोष्ट. एका यंत्रमागाच्या शेडमध्ये एका मागाची मोटर वर्षात दोनदा जळली. गावाचे आणि मालकाचे नाव घेत नाही. "कारागीर माग नीट चालवीत नाही" असा ठपका ठेवून भरपाई त्याच्या मजुरीतून कापायला सुरुवात झाली. मालकाच्या वायरमनने तपासणी केली ती माग बंद ठेवून. बोर्डापाशी २२८ व्होल्ट, मोटरपाशीही २२८. लाइन निर्दोष ठरली! पण प्रवाहच वाहत नसेल तर दाब गळणार कुठून?

आम्ही माग चालू असतानाची तपासणी मागितली. मोटरच्या बाबतीत नुसत्या गुणाकाराने भागत नाही, त्याला पॉवर फॅक्टरने आणखी गुणावे लागते. म्हणून मोटर सोडवून तिच्या जागी दोन हजार वॅटची विजेची शेगडी लावली. शेगडीचा हिशेब सरळ असतो. प्रवाह भरला ८ अँपिअर. बोर्डापाशी २२८ व्होल्ट, शेगडीपाशी २१२. मधले १६ व्होल्ट गेले कुठे? तारेत. सोळाला आठाने भागा, तारेचा रोध २ ओहम. सोळाला आठाने गुणा, १२८ वॅट नुसत्या तारेत जळत होते. शेगडीला मिळत होते १६९६. दोन्हींची बेरीज १८२४, आणि बोर्डावरचे २२८ गुणिले ८ तेवढेच. जमाखर्च पैपैशाने जुळला.

तार तांब्याची, एक चौरस मिलिमीटरची, जाऊनयेऊन पन्नास मीटर. तिचा रोध एक ओहमच्या आतच हवा. उरलेला ओहमभर कुठे होता? पट्टी गुंडाळलेल्या तीन जोडांत. पट्टी सोडली तर आत तांबे काळे पडलेले.

आता वर्गाचा नियम पाहा. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. त्या लाइनीवर दोन माग चालत, मिळून १२ अँपिअर. बाराचा वर्ग १४४, गुणिले २ ओहम, म्हणजे २८८ वॅट! दहा तासांत जवळजवळ तीन युनिटे भिंत तापवण्यात जात होती. एकेका जोडात सोल्डरिंग आयर्नइतकी आच, आणि शेजारी कापसाचा भुरा. शिवाय मोटर सुरू होताना कित्येक पट प्रवाह ओढते, त्या क्षणी दाबही तितकाच जास्त गळतो. मोटरचा जोर दाबाच्या वर्गाने घटतो. ती लवकर वेग घेत नाही, तोवर आतून तापत राहते. कारागिराचा हात चांगला असो की वाईट, तिला ते काय कळणार?

तेव्हा लागू असलेल्या १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाप्रमाणे, नुकसानीबद्दल कपात करण्यापूर्वी कामगाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागे. ती दिलेलीच नव्हती. परंतु कायद्याच्या कलमापेक्षा त्या कागदावरच्या भागाकाराने मालक लवकर नरमले, हे कबूल केले पाहिजे. आकडे त्यांच्याच मीटरने दाखवले होते. दुसऱ्या आठवड्यात नवी, जाड, अखंड तार आली. कापलेले पैसे चार हप्त्यांनी परत मिळाले, आणि शेडमधल्या दोघा पोरांनी पदरचे पैसे घालून क्लॅम्प मीटर विकत घेतला.