जुनी मोटरहोम घेताय? आधी गादी उचला!

इकडे मँचेस्टरमध्ये नेहमीप्रमाणे पाऊस पडतोय, आणि आजच्या विषयाला तो अगदी वेळेवर आलाय. इंग्लंडमधल्या आपल्या बऱ्याच मंडळींचा मला एकच प्रश्न असतो: "सेकंडहँड मोटरहोम घ्यायची आहे, काय बघू?" मोटरहोम म्हणजे मागे बेड, किचन, टॉयलेट असलेली गाडी. इंजिन, टायर, क्लच हे सगळं बघाच. पण आज मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. ओल. कारण त्या ओलीने माझे साडेतीन हजार पौंड बुडवलेत.

तीन वर्षांपूर्वी आईबाबा रत्नागिरीहून इकडे यायचे होते. आईला दमा आहे आणि बाहेरचं खाणं सोसत नाही. बाबांचे गुडघे दुखतात. म्हटलं, मोटरहोम घेऊ, सावकाश स्कॉटलंड फिरू, आई गाडीतच पिठलं-भात टाकेल. फियाट डुकाटोवर बांधलेली 2005 सालची गाडी साडेचौदा हजार पौंडांना मिळाली. विकणारे आजोबा एकदम सज्जन, चहा पाजला. जून महिना, लख्ख ऊन, आत लॅव्हेंडरचा घमघमाट, एमओटी नुकतीच झालेली. अजून काय पाहिजे?

ऑगस्टमध्ये पहिलाच मुक्काम लेक डिस्ट्रिक्टला केला. रात्रभर पाऊस. सकाळी बाबा बाहेरून आत आले आणि दारातच थांबले.
"अरे, हा आपल्या माळ्यावरचा वास आहे."
"बाबा, ते लॅव्हेंडर आहे."
"त्याच्या खालचा वास म्हणतोय मी."

त्यांनी मागच्या कोपऱ्यातली गादी उचलली, खालचा कप्पा उघडला आणि भिंत अंगठ्याने दाबली. अंगठा आत गेला, भिजलेल्या पुठ्ठ्यात जावा तसा. मागे सगळी काळी बुरशी. त्याच कोपऱ्यात डोकं करून आई झोपली होती आणि रात्रीत तिने दोनदा पंप घेतला होता. खोकला बुरशीमुळेच होता की नाही, मला सांगता येणार नाही. पण त्या क्षणी मला काय वाटलं असेल, तुम्हीच विचार करा. स्कॉटलंड तिथेच राहिलं, आम्ही घरी परतलो.

आता हे होतं कसं? अशा गाडीत पुढची केबिन फियाटसारख्या कंपनीची असते आणि मागची खोली दुसरी कंपनी बांधते. जुन्या गाड्यांत बहुतेक वेळा लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, मध्ये फोम, बाहेर ॲल्युमिनियम किंवा फायबरचा पत्रा, आतून पातळ प्लायवूड. सगळं चिकटवलेलं. सांधे, खिडक्या, छतावरची झडप, सगळीकडे सीलंट भरलेलं असतं. वर्षं गेली की ते कडक होतं. गाडी धावताना हादरे बसतात आणि त्याला भेगा पडतात. पाणी थेंबाथेंबाने आत जातं आणि आतलं लाकूड गुपचूप कुजतं. वॉलपेपर मात्र छान दिसत राहतो.

बाबांनी कोकणात आयुष्यभर कौलं चाळलीत. ते म्हणाले, "डाग दिसतो तिथून पाणी शिरलेलं नसतं." अगदी तसंच निघालं. पाणी शिरलं होतं छताच्या सांध्यातून आणि उतरलं होतं खाली कोपऱ्यात.

तर आता कामाचं ऐका.

एक, पावसात किंवा पाऊस पडून गेल्यावर गाडी बघायला जा. उन्हाळ्यातली कोरडी गाडी काही सांगत नाही.

दोन, आत शिरल्या शिरल्या नाक वापरा. सगळे कप्पे उघडा. एअर फ्रेशनरचा वास जास्तच येत असेल तर सावध व्हा.

तीन, गाद्या उचला. सगळे कोपरे, खिडक्यांच्या खालची बाजू, झडपेभोवतीचं छत, केबिनच्या वरचा बेड, टॉयलेटची जमीन, सगळं अंगठ्याने दाबत जा. मऊ लागलं, फुगलं असलं किंवा बारीक काळे ठिपके दिसले, तर थांबा.

चार, बाहेरून शिडी लावून छत बघा. स्क्रूखाली गंजाचे ओघळ, तडकलेलं सीलंट, किंवा एकाच जागी थापलेलं नवंकोरं सिलिकॉन दिसलं तर विचारा. आपल्याकडे कौलावर डांबर थापलं की समजायचं ना, इथे गळतंय? तसंच.

पाच, ओल मोजायचं मीटर न्या. साधं मीटर स्वस्तात मिळतं. त्याच्या पिना टोचल्या की बारीक भोकं पडतात, म्हणून मालकाला आधी विचारा. साधारण 15 टक्क्यांपर्यंत ठीक. 20 च्या वर गेलं तर कारण शोधायचं. 30 च्या वर म्हणजे आतलं लाकूड गेलेलं असू शकतं. पण एका आकड्यावर जाऊ नका. डावा कोपरा 12 आणि उजवा 28, हा फरक महत्त्वाचा. आणि मीटरची पिन आतल्या धातूला लागली तर आकडा खोटा येतो.

सहा, कागद. एमओटी ब्रेक, लाइट, टायर, गंज बघते. ती ओल बघत नाही! माझी चूक तिथेच झाली. ओल तपासली जाते हॅबिटेशन चेकमध्ये. दरवर्षीचे ते रिपोर्ट मागा. नसतील तर स्वतः पैसे देऊन तपासणी करून घ्या आणि मगच डिपॉझिट द्या.

एक फरक लक्षात ठेवा. सकाळी काचेवर पाणी साचलं म्हणजे गाडी गळतेच असं नाही. चार माणसांचा श्वास, गॅसवरचा स्वयंपाक, त्याची ती वाफ असते. हवा खेळती ठेवली की जाते. सांध्यातून शिरलेलं पाणी तसं जात नाही.

मला दुरुस्तीचा अंदाज मिळाला 4,800 पौंड. म्हटलं, विकून टाकू. एक मित्र म्हणाला, "नवा वॉलपेपर लाव, लॅव्हेंडर मार, कोणाला कळतंय?" खरं सांगतो, एक रात्र मी तो विचार केला. मग आईचा पंप आठवला. जाहिरातीत कोपऱ्याचा फोटो टाकला, मीटरचा आकडा लिहिला. एका सुताराने ती 11,000 ला घेतली, स्वतः दुरुस्त करायला. आणि ते चहावाले आजोबा? मला वाटतं त्यांनाही माहीत नसावं. त्यांनीही गादी कधी उचलली नसेल.

दुसरी गाडी घेतली नोव्हेंबरमध्ये, धो धो पावसात. या वेळी पत्र्याची अख्खी व्हॅन आतून सजवलेली, तिला सांधे कमी. तरी खिडक्या आणि झडपा असतातच, म्हणून तासभर अंगठा दाबत फिरलो. मालकीणबाई हसत होत्या. हसू देत.

पुढच्या उन्हाळ्यात आईबाबा परत आले. ग्लेन्कोच्या डोंगरात पाऊस कोसळत होता आणि आत आईने पिठलं टाकलं होतं. बाबांनी आल्या आल्या काय केलं, सांगा बघू?

गादी उचलली. वास घेतला. आणि म्हणाले, "हं. आता वाढा."

चला मंडळी, भेटू पुढच्या भागात. गाडी बघायला जाणाऱ्या मित्राला हा भाग नक्की पाठवा. काळजी घ्या!