सेव्ह करताना फाइल रिकामी का होते?

गोव्यातल्या मोरजी गावात पावसाळ्यात वीज गेली की राउटर बंद पडतो, लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालूच राहतो. फाइल दुसऱ्या संगणकावरच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये असेल, तर खरा धोका ‘सेव्ह’च्या क्षणी. काही टेक्स्ट एडिटर आधी जुनी फाइल शून्य बाइटची करतात, मग नवा मजकूर लिहितात. मध्येच नेटवर्क तुटलं, तर जुनं गेलेलं असतं आणि नवं पोचलेलं नसतं. ही रचनाच चुकीची. आधी तात्पुरत्या फाइलमध्ये सगळं लिहून मग तिला मूळ नाव द्यावं, हे बरं. ‘विम’ एडिटर लिहिण्यापूर्वी सहसा जुन्याची प्रत राखतो. सेव्ह होताना एरर आली, तर एडिटर बंद करू नका! मजकूर अजून मेमरीत असतो. तो लगेच आपल्याच लॅपटॉपवर वेगळ्या नावाने सेव्ह करा.