पहिली पाच मिनिटे कोणाची?

(समुद्रपूर येथे कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आरोग्याचा प्रश्न निघाला की आपण दवाखान्यातील रिकाम्या जागांविषयी, औषधांच्या तुटवड्याविषयी बोलतो, निवेदने देतो, मोर्चे काढतो. ते केलेच पाहिजे. आज मात्र मला दवाखान्याच्या दाराशी पोचण्यापूर्वीच्या पाच मिनिटांविषयी बोलायचे आहे.

आठवडी बाजारात किंवा गिरडच्या यात्रेत एखादा धडधाकट माणूस एकाएकी कोसळतो. भोवती रिंगण जमते. कोणी कांदा फोडून हुंगवतो, कोणी नाकाशी वहाण धरतो, कोणी तोंडात पाणी ओततो, कोणी गाडी शोधायला धावतो. प्रत्येकाची तळमळ खरी असते. काय करावे हे मात्र कोणालाच ठाऊक नसते. हृदय थांबले की चार ते सहा मिनिटांत मेंदूची कायमची हानी होऊ लागते. २०१४ साली महाराष्ट्रात सुरू झालेली १०८ ची रुग्णवाहिका सेवा मोलाची आहे. पण ती गाडी जाम चौरस्त्यावर उभी असली, तरी कोरा किंवा मांडगावच्या शिवारात पाच मिनिटांत कशी पोचणार? सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय तर तासाभराच्या वाटेवर. तेव्हा ही पाच मिनिटे डॉक्टरांच्या हाती नसतात. ती शेजाऱ्याच्या हाती असतात.

हृदयविकाराचा झटका आणि हृदय बंद पडणे यांतील फरक आधी समजून घ्या. झटक्यात हृदयाचा रक्तपुरवठा अडतो; माणूस बहुधा शुद्धीवर असतो, छातीत कळ येते असे सांगतो. त्याला तातडीने दवाखान्यात न्यावे. हृदय बंद पडले की मात्र तो निपचित पडतो, हाकेला ओ देत नाही, श्वास थांबतो किंवा अधूनमधून नुसती घरघर लागते. या घरघरीला श्वास समजून स्वस्थ बसणे ही प्राणघातक चूक आहे.

अशा वेळी करायचे काय? एकाने १०८ ला फोन लावावा. दुसऱ्याने रुग्णाला कठीण जमिनीवर उताणे निजवून छातीच्या मधोमध, एका तळहातावर दुसरा ठेवून, कोपर ताठ करून दाबावे. प्रौढ माणसाची छाती दोन इंचांहून थोडी अधिक दबली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर येऊ दिली पाहिजे. दोन मिनिटांत दम लागतो, म्हणून आळीपाळीने करावे. पण थांबू नये. यालाच सीपीआर म्हणतात. बुडालेल्या माणसाला, लहान मुलाला, सर्पदंशाने श्वास बंद पडलेल्याला तोंडाने श्वासही द्यावा लागतो: तीस दाब, मग दोन श्वास. लहान मुलांची रीत थोडी वेगळी असते, आणि हे सारे नुसते ऐकून येत नाही. रबरी पुतळ्यावर हात बसवावा लागतो.

१९६० साली अमेरिकेतील बाल्टिमोरच्या ज्या तिघांनी ही रीत जगापुढे मांडली, त्यांतील कोउवेनहोव्हेन हे डॉक्टर नव्हते, वीज अभियंता होते. विजेच्या धक्क्याने मरणाऱ्या कामगारांच्या प्रश्नातून ते या संशोधनाकडे वळले होते. आपल्या शिवारातही मोटारपंपाचा धक्का लागून, पावसाळ्यात वीज अंगावर पडून माणसे दगावतात. ती बव्हंशी राबणारी माणसे असतात. पंपाचा प्रवाह आधी तोडावा, मगच माणसाला हात लावावा. अंगावर वीज पडलेल्याच्या शरीरात मात्र प्रवाह उरत नाही. जागा सुरक्षित असेल तर त्याला लगेच हात लावता येतो, आणि वेळीच छाती दाबली तर तो वाचण्याची आशाही बरीच असते.

हात हृदयाला वेळ मिळवून देतात. भरकटलेले ठोके पुन्हा लयीत आणायला बहुतेक वेळा विजेचा झटका लागतो, आणि तो देणारे यंत्र म्हणजे डिफिब्रिलेटर. सार्वजनिक जागी ठेवायचे यंत्र स्वतः बोलून सूचना देते, ठोके तपासते, आणि गरज असेल तरच झटका देते. झटक्याला होणारा प्रत्येक मिनिटाचा उशीर जगण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटवतो.

हे यंत्र कोठे ठेवले जाते, यावरून समाजाची प्रतवारी कळते. अमेरिकेतील जुगारघरांत पहारेकऱ्यांना ते वापरायला शिकवले होते. २००० साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत झटका मिळाला, त्यांतील ७४ टक्के वाचले. तीन मिनिटांनंतर ज्यांना मिळाला, त्यांतील ४९ टक्के. जेथे पैशावर पहारा असतो तेथे जीवही वाचतो. मग जेथे माणूस कापूस विकायला येतो, त्या बाजार समितीच्या आवारात तो का वाचू नये?

डेन्मार्कने २००५ पासून शाळेत प्रथमोपचार सक्तीचे केले, वाहन परवान्यासाठीही प्रशिक्षण लावले, जागोजागी यंत्रे ठेवली. २००१ मध्ये कोसळलेल्यांपैकी २१ टक्क्यांना आसपासच्यांकडून छातीदाब मिळत होते. २०१० मध्ये जवळपास ४५ टक्क्यांना. महिनाभरानंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून जवळजवळ अकरा टक्क्यांवर गेले. यात रुग्णालयातील सुधारित उपचारांचाही वाटा होता. आणि अकरा टक्के म्हणजे बहुसंख्य तरीही गेले, हे मी लपवत नाही. पण पूर्वीच्या तिप्पट लोक घरी परतले.

'आपल्या अडाणी लोकांना हे जमेल का?' असे विचारणाऱ्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत अल्पशिक्षित आरोग्यदूत बायांना, जन्मताच न रडणाऱ्या बाळाला नळी आणि मुखवट्याने श्वास द्यायला शिकवले. इतर घरगुती उपचारांसह हे काम चालले आणि तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. ते निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. विद्येची मक्तेदारी मोडली की जीव वाचतात, हे आपल्याच विदर्भाने दाखवले आहे.

दुसरा अडसर स्पर्शाचा. परक्या बाईच्या छातीला हात कसा लावावा? पडलेला कोणत्या जातीचा? हे प्रश्न मोठ्याने कोणी विचारत नाही. पण हात त्यांपायीच आखडतात. याच जिल्ह्यात, सेवाग्रामला, महारोगाने पीडित परचुरे शास्त्रींची शुश्रूषा गांधीजींनी स्वतःच्या हातांनी केली. त्या भूमीवर आपण संकोचाने माणूस मरू द्यायचा काय?

तिसरा अडसर पोलिसांच्या ससेमिऱ्याचा. रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ च्या आदेशाने आणि नंतर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. हे गावोगाव सांगितले पाहिजे.

मात्र जनता शिकली म्हणून शासन सुटले, असे होता कामा नये. लोकांनी हात द्यावेत, शासनाने यंत्रे आणि प्रशिक्षण द्यावे. बसस्थानक, बाजार समिती, तहसील कचेरी येथे यंत्र हवे. त्याच्या बॅटरीची तपासणी कोणी करायची हे नावानिशी ठरलेले हवे. आणि ते कुलूपबंद कपाटात नव्हे, चारचौघांच्या डोळ्यांसमोर हवे. एसटीचे वाहक, वीज कर्मचारी, आशा सेविका आणि माध्यमिक शाळेतील मुलामुलींना दरवर्षी शिकवले गेले पाहिजे. असे ठराव येत्या ग्रामसभांत आणा.

आणि त्याआधी आपण स्वतः शिकू या. दुसऱ्यांदा कोणी आपल्यासमोर कोसळेल, तेव्हा रिंगणातून एक तरी कार्यकर्ता पुढे येऊन गुडघे टेकेल, एवढे आज ठरवून उठू या.