उपग्रहाचा धडा आणि वर्गाचे वेळापत्रक

(बंगळुरू येथील इंदिरानगरमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



'अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर : फायदे आणि मर्यादा' अशा मथळ्याचा प्रश्न परीक्षेत आला की बहुतेक उत्तरपत्रिकांत दोन रकाने तयार होतात. एका रकान्यात दृक्-श्राव्य साधनांची परिणामकारकता, दुसऱ्यात विजेचा अभाव आणि डिजिटल दरी. दोन्ही रकाने चुकीचे नसतात, पण तंत्रज्ञान एका ठिकाणी का रुजते आणि दुसऱ्या ठिकाणी का वाळते, याचे उत्तर त्यांतून मिळत नाही. म्हणून आज एकच उदाहरण मुळापासून पाहू. ते दूरचे नाही. आपण बसलो आहोत त्या इंदिरानगरपासून काही किलोमीटरवर, जुन्या विमानतळ रस्त्याला भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे, म्हणजे इस्रोचे, उपग्रह केंद्र आहे. 2018 पासून ते प्रा. यू. आर. राव यांच्या नावाने ओळखले जाते. केवळ शिक्षणासाठी वाहिलेला देशातील पहिला उपग्रह, 'एज्युसॅट', याच केंद्राने घडविला.

एज्युसॅटची कल्पना अचानक सुचलेली नव्हती. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या एका वर्षात 'साइट' नावाचा उपग्रह दूरचित्रवाणी शिक्षण प्रयोग भारतात झाला. त्यासाठी अमेरिकेच्या नासा या संस्थेने आपला एटीएस-6 हा उपग्रह वर्षभर वापरावयास दिला होता. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांत थेट उपग्रहावरून कार्यक्रम दिसू लागले. कर्नाटकातील निवडलेल्या जिल्ह्यांत महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेला विजापूरही होता. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि सायंकाळी प्रौढांसाठी प्रक्षेपण होई. तारेच्या जाळीची सुमारे तीन मीटर व्यासाची अँटेना आणि एक मजबूत संच एवढीच गावातील सामग्री होती. या प्रयोगाच्या व्यवस्थापनाची धुरा ज्यांच्याकडे होती ते प्रा. एकनाथ वसंत चिटणीस हे कोल्हापूरचे, ही गोष्ट मराठी विद्यार्थ्यांना फारशी ठाऊक नसते. जाता जाता एक नोंद करून ठेवा. हा प्रयोग चालू असताना शिक्षण हा विषय राज्यसूचीत होता. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत आला.

साइटमधील एक भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याचा उल्लेख क्वचितच होतो. शाळांच्या सुट्टीच्या काळात याच यंत्रणेद्वारे सुमारे 50,000 प्राथमिक शिक्षकांना विज्ञान अध्यापनाचे प्रशिक्षण देण्यात आले. दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमाला छापील साहित्याची आणि प्रत्यक्ष कृतींची जोड होती. म्हणजे पडद्यासमोर केवळ मुलाला नव्हे, तर शिक्षकालाही बसविले पाहिजे, हे त्या पिढीला उमगलेले होते. पुढच्या पिढीने हा भाग किती लक्षात ठेवला, हा आजच्या चर्चेचा खरा प्रश्न आहे.

20 सप्टेंबर 2004 रोजी श्रीहरिकोटा येथून जीएसएलव्ही-एफ01 या प्रक्षेपकाने 1,950 किलो वजनाचा एज्युसॅट अवकाशात नेला. 74 अंश पूर्व रेखांशावर, भूपृष्ठापासून सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर, भूस्थिर कक्षेत तो स्थिरावला. त्याचे आयुष्य सात वर्षे गृहीत धरले होते. देशाच्या वेगवेगळ्या भागांवर स्वतंत्र प्रादेशिक झोत टाकण्याची योजना त्यात होती. हेतू असा, की त्या त्या भागाला आपल्या भाषेत कार्यक्रम करता यावेत. भाषिक विविधतेचा विचार उपग्रहाच्या रचनेतच केलेला होता, याचे कौतुक केलेच पाहिजे.

जमिनीवरील केंद्रे दोन प्रकारची होती. एका प्रकारात विद्यार्थी केवळ पाहू आणि ऐकू शकत. दुसऱ्या प्रकारात ते प्रश्नही विचारू शकत. साहजिकच दुसरा प्रकार अधिक खर्चाचा होता. त्यामुळे महाविद्यालयांच्या वाट्याला मुख्यतः संवादी केंद्रे आली, तर प्राथमिक शाळांच्या वाट्याला केवळ ग्रहण करणारी. ज्या वयात मुलाला सर्वांत जास्त प्रश्न पडतात, त्या वयाला प्रश्न विचारण्याची सोय नाही, हा विरोधाभास त्या काळी खर्चाच्या हिशेबात झाकला गेला.

प्रायोगिक टप्प्यासाठी तीन विद्यापीठे निवडली गेली : बेळगावचे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि भोपाळचे राजीव गांधी तंत्रज्ञान विद्यापीठ. पहिल्याची अभियांत्रिकी महाविद्यालये राज्यभर विखुरलेली होती आणि प्रत्येक ठिकाणी प्रत्येक विषयाचा अनुभवी प्राध्यापक मिळणे अवघड होते. दुसऱ्याचे विद्यार्थी तर वर्गाबाहेरचेच. अशा ठिकाणी उपग्रहाची उपयुक्तता उघड आहे. जेथे शिक्षक नाही तेथे तो पोहोचविणे, एवढेच काम होते.

प्राथमिक शाळेतील परिस्थिती मात्र निराळी असते. कर्नाटकात चामराजनगर जिल्ह्यातील 885 प्राथमिक शाळा एज्युसॅटच्या जाळ्यात आणल्या गेल्या. एकाच जिल्ह्यातील एवढ्या शाळा एका वेळी जोडणे ही तांत्रिकदृष्ट्या मोठी कामगिरी होती. पण प्रक्षेपणाचा स्वभाव समजून घ्या. प्रक्षेपण म्हणजे एकच घड्याळ. साडेअकराला अपूर्णांकांचा धडा लागणार असेल, तर जोडलेल्या प्रत्येक वर्गाने त्या दिवशी, त्या घटकेला अपूर्णांकांपर्यंत आलेले असले पाहिजे. एखादा वर्ग मागे असेल तर धडा डोक्यावरून जातो आणि पुढे असेल तर वाया जातो. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी वीज गेली तर राहिलेला धडा कोणी परत दाखवीत नाही. आपल्या अनेक ग्रामीण शाळांत एकच शिक्षक दोन किंवा तीन इयत्ता सांभाळतो. एका इयत्तेचा कार्यक्रम चालू असताना त्याच खोलीतील दुसऱ्या इयत्तेने काय करायचे? हा प्रश्न उपग्रहाच्या आराखड्यात बसणारा नव्हता, तो वेळापत्रकाचा होता. वर्गाचे वेळापत्रक शिक्षकाच्या हातात असते. ते त्याच्या हातून काढून दूरच्या स्टुडिओत नेले, की यंत्र आणि शिक्षक सहकारी न राहता प्रतिस्पर्धी होतात.

एज्युसॅट सप्टेंबर 2010 मध्ये सेवेतून निवृत्त झाला. त्यावरील शिक्षणजाळी इतर उपग्रहांकडे वळवावी लागली. उपग्रह दुसऱ्या कक्षास्थानावर असेल तर गावातील अँटेनाची दिशाही बदलावी लागते, आणि त्यासाठी गावापर्यंत तंत्रज्ञ पोहोचावा लागतो. भारताचे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक यांनी 2013 च्या अहवालात या कार्यक्रमावर ताशेरे ओढले. जोडणी, आशयनिर्मिती आणि व्यवस्थापनाची भक्कम यंत्रणा या तिन्ही बाबींचे नियोजन कमी पडले, असा त्याचा निष्कर्ष होता. परीक्षार्थींनी लक्षात घ्यावे की या यादीत उपग्रहाचे नाव नाही. आकाशातील भाग यशस्वी झाला होता.

आता त्याच उपग्रहाची दुसरी कहाणी. केरळने 2001 मध्ये 'आयटी अॅट स्कूल' प्रकल्प सुरू केला होता. त्यात शिक्षकांमधूनच प्रशिक्षक तयार केले गेले आणि मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह धरला गेला. 2005 मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते एज्युसॅटवर आधारलेल्या 'व्हिक्टर्स' वाहिनीचे उद्घाटन झाले. उपग्रह गेला, वाहिनी राहिली. 2017 मध्ये या प्रकल्पाचे 'काइट' या सरकारी कंपनीत रूपांतर झाले. 1 जून 2020 रोजी, कोविडमुळे देशभर शाळा बंद असताना, याच वाहिनीवरून 'फर्स्ट बेल' या नावाने इयत्तावार पाठ सुरू झाले. पाठ घेणारे शिक्षक होते, विषय पाठ्यपुस्तकातील होते, आणि पाठ पाहिल्यानंतर मुलांशी दूरध्वनीवर बोलण्याची जबाबदारी शाळेतील शिक्षकांवर होती. केरळची साक्षरता आणि वीजपुरवठा यांचा यात वाटा आहे, हे मान्यच करावे लागेल. तरीही पंधरा वर्षे एखादी शैक्षणिक वाहिनी जिवंत ठेवणे केवळ साक्षरतेने साधत नाही. त्यासाठी दरवर्षी पैसा, पदे आणि एक उत्तरदायी कार्यालय लागते.

याच मुद्द्याला संशोधनाचाही आधार आहे. अहमदाबादेत 'ज्ञानशाळा' ही संस्था गरीब मुलांसाठी एका खोलीच्या शाळा चालविते. तेथे गणिताच्या संगणकीय कार्यक्रमाची चाचणी झाली आणि अर्थशास्त्रज्ञ ली लिंडेन यांनी 2008 मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. शाळेच्या तासातील शिकवणे काढून त्या जागी संगणक ठेवला, तेव्हा मुले मागे पडली. तोच कार्यक्रम शाळेच्या वेळेबाहेर, जादा सराव म्हणून दिला, तेव्हा मुले पुढे गेली. यंत्र तेच, आज्ञावली तीच. दिल्लीतील 'माइंडस्पार्क' या संगणकीय कार्यक्रमाचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी या दोन्ही विषयांत लक्षणीय प्रगती आढळली. ही केंद्रेसुद्धा शाळेनंतर चालत. निम्मा वेळ संगणकासमोर आणि निम्मा वेळ लहान गटात शिक्षकासमोर अशी रचना होती. कार्यक्रम मुलाची खरी पातळी शोधून तेथून सुरुवात करी. सातवीतील मूल गणितात चौथीच्या पातळीवर असेल, तर त्याला चौथीचेच गणित मिळे. प्रक्षेपणाच्या एका घड्याळाला जे अशक्य होते, ते येथे शक्य झाले.

महाराष्ट्राकडे येऊ. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी नावाची छोटी वस्ती आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर 2020 मध्ये 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले. दहा लाख डॉलरच्या त्या पारितोषिकातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. वृत्तपत्रांनी क्यूआर कोडची गोष्ट भरपूर सांगितली. पाठ्यपुस्तकाच्या पानावर एक चौकोनी खूण छापायची, भ्रमणध्वनीने ती टिपली की त्या पानाशी संबंधित ध्वनिफीत, चित्रफीत किंवा स्वाध्याय उघडतो. कल्पना साधी आणि स्वस्त आहे. पुस्तक तेच राहते आणि वेळापत्रक शिक्षकाच्या व मुलाच्या हाती राहते. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आणि एनसीईआरटीच्या पुस्तकांतही हे कोड आले. 5 सप्टेंबर 2017 रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'दीक्षा' मंचाशी ते जोडले गेले.

परंतु त्या निवडीमागील एक तपशील बंगळुरूत बसलेल्या मराठी मुलांनी अवश्य ध्यानात घ्यावा. परितेवाडीतील मुलींची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तके त्या भाषेत नव्हती. डिसले गुरुजी आधी कन्नड शिकले, आणि मग त्यांनी पहिली ते चौथीच्या पुस्तकांना कोडची जोड दिली. तुमच्यापैकी कित्येकांचे याच शहरात याच्या उलट झाले असेल. घरी मराठी, रस्त्यावर कन्नड, वर्गात इंग्रजी. मुलाला न कळणाऱ्या भाषेतील चित्रफीत कितीही सुबक असली, तरी ती त्याच्यासाठी मूकपटच.

आकडेवारीविषयी थोडे. युडायस प्लसच्या 2024-25 च्या अहवालानुसार देशातील 64.7 टक्के शाळांत संगणकाची आणि 63.5 टक्के शाळांत इंटरनेटची सोय आहे. आदल्या वर्षी हे प्रमाण अनुक्रमे 57.2 आणि 53.9 टक्के होते. वाढ निःसंशय मोठी आहे. मात्र हा आकडा उपलब्धतेचा आहे, वापराचा नाही. मुख्याध्यापकांच्या कपाटाशेजारी झाकून ठेवलेला एकुलता एक संगणकही याच गणतीत येतो. घरातील चित्र 'असर' 2024 मधून दिसते. ग्रामीण भागातील 14 ते 16 वयोगटातील 82.2 टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी 57 टक्क्यांनी मागील आठवड्यात त्याचा उपयोग शिक्षणासाठी केला होता, तर 76 टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. साधन घरात पोहोचले आहे. त्याच्याबरोबर शिक्षकाचा शब्द पोहोचला की नाही, हे या 57 आणि 76 मधील अंतरात शोधावे.

कायद्याची बाजू तुम्हाला परिचित आहे, म्हणून केवळ उल्लेख करतो. 86 व्या घटनादुरुस्तीने 21-अ हे कलम आले आणि 1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. 2019 मध्ये फहीमा शिरीन प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेटची उपलब्धता शिक्षणाच्या हक्काचा भाग मानली. प्रकरण साधेच होते : मुलींच्या वसतिगृहात ठरावीक वेळेत भ्रमणध्वनी वापरण्यास बंदी होती. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तंत्रज्ञानावर स्वतंत्र प्रकरणे आहेत आणि राष्ट्रीय शैक्षणिक तंत्रज्ञान मंचाची शिफारस आहे.

तुमच्यापैकी काहीजण उद्या गटशिक्षणाधिकारी होतील, काही जिल्हा परिषदेत बसतील. तेव्हा समोर येणाऱ्या नस्तीत अंदाजपत्रकाचे दोन भाग असतील. संगणक, प्रक्षेपक, परस्परसंवादी फलक यांची खरेदी भांडवली खर्चात पडते. ती एकदाच होते आणि तिचे उद्घाटन करता येते. वीजबिल, इंटरनेटचे मासिक शुल्क, बॅटरी बदलणे, प्रक्षेपकाचा दिवा, शिक्षकांचे पुनःप्रशिक्षण हा आवर्ती खर्च आहे. तो दरवर्षी करावा लागतो आणि काटकसरीची वेळ आली की पहिली कात्री त्यालाच लागते. खरेदीच्या प्रस्तावावर सही करण्यापूर्वी तिसऱ्या वर्षाच्या आवर्ती खर्चाचा रकाना उघडून पाहा. तो कोरा असेल, तर नस्ती परत पाठविण्याचा अधिकार तुम्हाला असतो.

प्रश्नांसाठी थोडा वेळ राखून ठेवला आहे. विचारावेत.